नाव ओळखीचे, पण पाठवणारा कोण?

"आपल्या ग्रुपला एन्क्रिप्शन आहे, बाहेरचा कोणी वाचू शकत नाही," असे म्हणत आपले कार्यकर्ते निर्धास्त होतात. व्हॉट्सॲपने एप्रिल 2016 मध्ये सर्व संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन दिले, हे खरे. पण एन्क्रिप्शन म्हणजे चिकटवलेले पाकीट. वाटेत ते कोणी फोडणार नाही, एवढीच त्याची हमी. पाकिटावर ज्याचे नाव आहे त्यानेच ते लिहिले का, हा प्रश्न वेगळा आहे आणि आपल्या चळवळीत तो विचारलाच जात नाही.

न विचारण्याची किंमत भीमा कोरेगाव प्रकरणात दिसली. 6 जून 2018 रोजी सुरेंद्र गडलिंग, शोमा सेन, महेश राऊत, सुधीर ढवळे आणि रोना विल्सन यांना अटक झाली. यातली पहिली तीन नावे आपल्या नागपूरची. अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी केली. तिचा अहवाल फेब्रुवारी 2021 मध्ये समोर आला. 13 जून 2016 रोजी विल्सन यांना वरवरा राव यांच्या खात्यावरून ईमेल आले. जोडलेली फाइल उघडण्याचा आग्रह त्यात होता. फाइल उघडली आणि नेटवायर नावाचा हेरगिरी करणारा प्रोग्राम आत शिरला. पुढे त्याच वाटेने लॅपटॉपमध्ये पत्रे ठेवली गेली, असे हा अहवाल सांगतो. गडलिंग यांच्या संगणकातही असेच घडल्याचे याच संस्थेने नंतर सांगितले. हल्लेखोर कोण, हे आर्सेनलने सांगितलेले नाही. एनआयएला हा अहवाल मान्य नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. अहवालानुसार दार फोडले गेले नाही. ओळखीच्या नावाने कडी वाजली आणि दार आतून उघडले गेले.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्या खिशातच आहे. एन्क्रिप्शनमध्ये प्रत्येकाच्या दोन किल्ल्या असतात. खाजगी किल्ली स्वतःच्या फोनमध्ये राहते, सार्वजनिक किल्ली समोरच्याला मिळते. दोघांच्या सार्वजनिक किल्ल्यांवरून 60 अंकी सुरक्षा कोड तयार होतो. व्हॉट्सॲपवर संपर्काच्या नावावर जाऊन 'एन्क्रिप्शन' दाबले की तो दिसतो. प्रत्यक्ष भेटीत दोन्ही फोनवरचा आकडा जुळवा किंवा क्यूआर कोड स्कॅन करा. जुळला तर मध्ये कोणी नाही. सेटिंगमध्ये सुरक्षा सूचना सुरू ठेवा. त्या व्यक्तीचा नंबर दुसऱ्या फोनवर सुरू झाला तर कोड बदलल्याची सूचना येईल. बहुधा तिने नवा फोन घेतलेला असेल, तरी एक फोन करून आवाज ऐका. ईमेलसाठी 1991 पासून पीजीपी आहे. त्यात खाजगी किल्लीने सही करता येते. नुसता पासवर्ड चोरून ती सही कोणाला करता येत नाही.

मात्र किल्ली म्हणजे जादू नव्हे. फोनच ताब्यात गेला तर किल्लीही गेली. 2019 मध्ये पेगॅससचे लक्ष्य ठरल्याचा इशारा व्हॉट्सॲपने ज्यांना दिला, त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड आणि आनंद तेलतुंबडे होते. तिथे एन्क्रिप्शन तोडले नव्हते, फोनमध्येच शिरण्याचा डाव होता. म्हणून अनोळखी फाइल न उघडणे आणि फोन अद्ययावत ठेवणे हेही तितकेच गरजेचे.

"आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे?" असे कोणी विचारेल. पारशिवनीसारख्या तालुक्यात ॲट्रॉसिटीची तक्रार करणारी बाई, तिच्या बाजूने उभा राहणारा साक्षीदार, त्यांचे जबाब, जातीचे दाखले, आधारचे फोटो, हे सगळे आपल्याच फोनमधून जाते. 2015 च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे 15अ हे कलम आले. उद्या वकिलाच्या नावाने कोणी मेसेज केला, "साक्षीदाराचा पत्ता पाठवा," आणि आपण पाठवला, तर ते कलम त्या साक्षीदाराच्या घरासमोर उभे राहणार आहे का? गुप्तता ही आपली हौस नाही, ज्यांनी आपल्यावर भरवसा ठेवला त्यांचा तो हक्क आहे.

"आपल्याच माणसावर शंका घ्यायची?" असेही म्हटले जाते. कोड जुळवणे म्हणजे शंका नव्हे. त्या माणसाच्या नावाचा गैरवापर होऊ नये म्हणून केलेली ती राखण आहे. तथागतांनी कालामांना हेच सांगितले: कोणी थोर सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ग्रंथ आणि गुरू यांनाही पारखायला शिकवणारा धम्म आपण स्वीकारला. मग मोबाइलवर झळकणारे नाव आणि डीपी आपण डोळे झाकून का मानतो?

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास काढा. समितीतल्या प्रत्येकाने एकमेकांचे कोड जुळवावेत. तरुणांनी ज्येष्ठांना मदत करावी. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावावा, 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी यंत्र दिसले तर काढून टाकावे. पैसे, पत्ता किंवा साक्षीदाराचे नाव मागणारा मेसेज आला, तर फोन करून खात्री केल्याशिवाय उत्तर देऊ नये. असा नियमच ठरावाने करावा. यात खर्च एक रुपयाचाही नाही.

जय भीम!