महाराजांच्या दरबारात विजेचे दिवे!

नागपूरच्या चित्रपटगृहात पडद्यावर महाराज आले आणि आमच्या शेजारी बसलेल्या गिरडच्या पोराने पायातल्या चपला काढून खुर्चीखाली सारल्या. कापसाच्या वेचणीची मजुरी मोडून त्याने तिकीट काढले होते. त्याच्या या भक्तीवर सारा बसवून तो वसूल करणाऱ्या निर्मात्यांविरुद्ध आज आम्ही लेखणी उचलली आहे.

काय दिलेत तुम्ही त्याला? ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ची पहिली झलक डिसेंबर २०२२ मध्ये आली, तर शिवकालीन झुंबराला विजेचे दिवे! प्रतापराव गुजर नेसरीला पडले १६७४ साली. एडिसनचा दिवा १८७९ चा. दोन शतकांचे हे अंतर त्या सबंध ताफ्यात एकालाही खटकू नये? ‘बाजीराव मस्तानी’त तुम्ही काशीबाईंना मस्तानीबरोबर पिंगा घालायला लावलात. ‘तान्हाजी’त कोंढाण्यावर ‘नागिन’ नावाची अजस्र तोफ चढवलीत. अहो, ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमीची रात्र, दोराला लोंबकळत कडा चढणारे मावळे, पायाखाली दरी आणि डोक्यावर जागता पहारा! याहून मोठा थरार त्या खोट्या तोफेतून निघणार होता काय?

आणि शत्रू? ‘पद्मावत’मधला खिलजी मांसाचे लचके तोडतो, केस पिंजारून नाचतो. त्याचे राजकारण, त्याची फौज, त्याची बुद्धी यांचा विचारच नको. ‘छावा’त ‘बुधभूषण’ रचणाऱ्या विद्वान संभाजीराजांच्या छळावर कॅमेरा किती वेळ रेंगाळतो! १७ मार्च २०२५ ला नागपूर पेटले, तेव्हा चित्रपटाला दोष देत नाही असे म्हणत का होईना, पण या चित्रपटाने लोकांच्या भावना प्रज्वलित केल्याचे मुख्यमंत्र्यांनाच विधानसभेत सांगावे लागले. आमच्या गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदच्या दर्ग्याला हिंदू आणि मुसलमान एकाच पायवाटेने चढतात. त्या वाटेवर तुमची ठिणगी आम्हाला नको!

इतिहास पडद्यावर कसा आणतात ते पाहायचे असेल, तर १९६६ चा ‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’ पाहा. पाँतेकोर्व्हो या इटालियन दिग्दर्शकाने अल्जिअर्सच्या त्याच गल्ल्यांत, जवळजवळ सगळी साधी, अभिनय न शिकलेली माणसे घेऊन तो केला. अल्जेरियाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा चारच वर्षे झाली होती; जखमा ओल्या होत्या. तरीही त्यात एक बाई फ्रेंचांच्या उपाहारगृहात बॉम्ब ठेवायला जाते, तेव्हा कॅमेरा तिथल्या एकेका चेहऱ्यावर थांबतो. एक लहानगे आइस्क्रीम खात असते. आपण त्या बाईच्या बाजूचे असतो आणि तरी आपला श्वास अडकतो. अल्जिअर्सच्या लोकांनी हे पाहण्याचे धैर्य दाखवले. तुम्ही आम्हाला इतके दुबळे का समजता?

गुणांचा दुष्काळ आहे, ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही. अ‍ॅटनबरो या इंग्रजाने वीस वर्षे हट्ट धरून १९८२ मध्ये ‘गांधी’ पुरा केला. त्यातल्या कस्तुरबा आमच्या रोहिणी हट्टंगडी, गोखले आमचे श्रीराम लागू आणि वेशभूषेचे ऑस्कर घेतले कोल्हापूरच्या भानु अथय्यांनी. पण आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामात राहिलेल्या माणसाची कथा सांगायला विलायतेहून माणूस यावा लागला, याची लाज आम्हाला आजही वाटते.

कथांसाठीही लांब जायला नको; गिरडहून चिमूर ते किती दूर! १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेले गाव रस्त्यावर आले, बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा गोळीने पडला, जमावाने सरकारी अधिकारी मारले. मागून लष्कर आले आणि त्याने बायकांवर अत्याचार केले. त्याच दिवशी आमच्या जिल्ह्यातले आष्टीही पेटले होते. पुढे फाशीच्या शिक्षा झाल्या आणि त्या माणसांना वाचवायला अनसूयाबाई काळे झटल्या. चिमूरच्या बायकांना न्याय मिळावा म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी पायी चिमूरला निघाले, त्यांना धरून परत आणले, तरी उपोषण सुटले नाही. ते त्रेसष्ट दिवस चालले. आज भन्साळी म्हटले की आमच्या पोरांच्या डोळ्यांपुढे ‘पद्मावत’च्या दिग्दर्शकाचे झुंबरांचे महाल येतात. त्रेसष्ट दिवस उपाशी राहिलेला भन्साळी त्यांना कुणी दाखवलाच नाही!

या कथेत आमचा शूर पोरगा आहे, आमच्याच हातून मेलेले अधिकारीही आहेत आणि दोघांकडे सारख्याच डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती सांगता येणार नाही. त्या ताकदीचा चिमूरचा चित्रपट आम्ही अजून पाहिलेला नाही. ती नागपंचमी आठवणारी माणसे आज नव्वदी ओलांडून गेली आहेत. निर्मातेहो, पुढचा दरबार उभारण्याआधी त्यांच्या ओसरीवर येऊन बसा. उद्याच या, पुढच्या वर्षी ती असतील याचा भरवसा नाही.