चाकूरचे वकील आणि संसदेचे कागद

नेकनूरचा शेतकरी बीडच्या कोर्टात वकिलाकडून एकच अपेक्षा ठेवतो : कागद नीट वाचावा, मगच बोलावे. शेजारच्या आजच्या लातूर जिल्ह्यातील चाकूरचे शिवराज पाटील व्यवसायाने वकील. लातूरचे नगराध्यक्षपद, विधानसभा असे टप्पे ओलांडून ते १९८० साली लोकसभेत गेले आणि सलग सात वेळा निवडून आले. ते लोकसभेचे अध्यक्ष असतानाच, १९९३ मध्ये, खात्यांच्या १७ स्थायी समित्या स्थापन झाल्या. मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ मध्ये त्यांना गृहमंत्रिपद सोडावे लागले, हेही विसरता येणार नाही. परंतु त्या समित्यांचे काय झाले? पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली. सतराव्या लोकसभेत अवघी सुमारे १६ टक्के. न वाचलेल्या कागदावर अंगठा उमटविल्याचे परिणाम मराठवाड्यातील शेतकऱ्याला ठाऊक आहेत. संसदेला ते कोणी सांगावयाचे?