इंडिकाला टॅक्सीनं नाही मारलं!

गेल्या रविवारी रंकाळ्यावर भेळ खाताना गाड्यांचा विषय निघाला. मी इंडिकाचं नाव काढलं तर मित्र म्हणतो, "सोड रे, टॅक्सी झाली आणि संपली ती!" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आज लिहूनच टाकतो. साफ चूक आहे हे.

डिसेंबर १९९८. टेल्कोनं (म्हणजे आताची टाटा मोटर्स) पिंपरीहून इंडिका आणली. ट्रक बनवणारी कंपनी, आणि हट्ट काय? अँबॅसिडरसारखी ऐसपैस, झेनएवढी आटोपशीर, किंमत मारुती ८०० च्या आसपास, वर डिझेल! पहिल्या गाड्यांच्या तक्रारी ढिगानं आल्या. कंपनीनं त्या निस्तरल्या आणि २००१ मध्ये व्ही२ काढली. आमच्या भाषेत बग-फिक्स रिलीज. ती तुफान चालली.

टॅक्सीवाल्यांनी उचलली ती हीच. टॅक्सीवाला हौसेनं गाडी घेत नाही, हिशोबानं घेतो. आत जागा आहे का, डिझेल किती खाते, गावातला मेकॅनिक उघडू शकतो का, एवढंच बघतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले असल्या टेस्टरसाठी पैसे मोजतो हो! त्याची पसंती म्हणजे सर्टिफिकेट, बदनामी नव्हे.

मग घोळ कुठं झाला? २००८ ला. व्हिस्टा आली. नवा प्लॅटफॉर्म, फियाटचं १.३ लिटर डिझेल, गाडी खरंच चांगली. पण जुनी व्ही२ सुद्धा विक्रीला तशीच, आणि नाव दोघींचं इंडिका! वर २०११ मध्ये त्या जुन्या गाडीचीच ईव्ही२ काढली. म्हणजे घरासाठी जास्तीचे पैसे मोजून व्हिस्टा घ्यायची, आणि स्टँडबाहेर भाड्याला उभ्या गाडीवर पण तेच नाव. कोण घेईल?

"म्हणजे टॅक्सीमुळंच ना?" नाही भावा. डिझायर बघ. देशभर टॅक्सी म्हणून पळते, तरी लोक लग्नात पोरीला द्यायला तीच बघतात. कारण टॅक्सीवाल्या डिझायरला मारुतीनं 'टूर' हे वेगळं नाव जोडलं. आणि स्विफ्ट? २००५, २०११, २०१८, २०२४. चार पिढ्या. नवी आली की जुनी बंद. एका नावाची एकच गाडी.

हे कोल्हापूरकराला तरी समजावून सांगायला नको. शिरोलीत, गोकुळ शिरगावात फौंड्रीवाल्याला विचारा. ड्रॉइंग बदललं की जुनं पॅटर्न आधी बाजूला काढतात, नाहीतर नव्या ऑर्डरमध्ये जुनाच माल ओतला जातो.

२०१८ ला इंडिका बंद झाली. दोष द्यायचाच तर एका नावावर दोन गाड्या विकणाऱ्या निर्णयाला द्या. रात्रभर गाडी हाकून पोट भरणाऱ्या ड्रायव्हरच्या माथी मारू नका.

असो. पुढच्या रविवारी भेळ मित्राकडून!