तोंडी परवानगीचे अभयारण्य

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना लोणार, मेहकर, जानेफळ या वाटेने खामगावकडे येते. बुलडाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातले जानेफळ हे बाजारपेठेचे गाव त्या निमित्ताने दरवर्षी वारकऱ्यांनी गजबजते. नकाशावर पाहिले तर या गावाचे स्थान आणखी एका कारणाने लक्षात येते. त्याच्या एका अंगाला लोणारचे विवर आहे आणि दुसऱ्या अंगाला बोथ्याच्या घाटाभोवती पसरलेले ज्ञानगंगेचे जंगल. दोन्ही अभयारण्येच. ज्ञानगंगा सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे, तर लोणार चार चौरस किलोमीटरही न भरणारे. आकाराने इतक्या भिन्न असलेल्या या दोन्ही ठिकाणी कायदा मात्र एकच लागू होतो, आणि तिथे काही करावयाचे झाल्यास परवानगी कुणाची व कशाची, हा प्रश्न या परिसरातील माणसाला दोन्हीकडे सारखाच गोंधळात टाकतो.

प्रश्न केवळ मुंबईहून येणाऱ्या चित्रपट कंपन्यांचा नाही. तालुक्याच्या गावी छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या तरुणाला आज लग्नापूर्वीच्या छायाचित्रांसाठी लोणारचा काठ हवा असतो. कुणाला ड्रोनने सरोवराचे दृश्य टिपायचे असते, कुणाला पर्यटकांना माहिती सांगून चार पैसे मिळवायचे असतात, तर कुणाला नवरात्रात कमळजा देवीच्या वाटेवर नारळ-प्रसादाचे दुकान मांडायचे असते. हे सारे व्यवहार लहान आहेत. पण ते करणाऱ्यांच्या दृष्टीने लहान नाहीत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ या बाबतीत काय म्हणतो, ते आधी पाहिले पाहिजे. कलम २७ अन्वये अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश कुणाला, याची यादीच दिलेली आहे: कर्तव्यावरील लोकसेवक, आत राहण्याची अनुमती असलेले रहिवासी, आत स्थावर मालमत्तेवर हक्क असलेले, त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसे आणि सार्वजनिक हमरस्त्याने जाणारे वाटसरू. बाकी सर्वांना परवाना हवा, आणि तो देण्याचा अधिकार कलम २८ ने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे सोपविला आहे. परवाना कोणत्या कारणांसाठी, हेही तिथेच ठरलेले आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि अभयारण्यात राहणाऱ्या व्यक्तीशी करावयाचा कायदेशीर व्यवहार, अशी ती पाच कारणे. शुल्क व अटी शासनाने नियमाने ठरवायच्या.

या पाचांपैकी छायाचित्रणाच्या कारणात २०२२ च्या दुरुस्तीने महत्त्वाची भर घातली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. छायाचित्रणाबरोबर चित्रपटनिर्मितीचा उल्लेख आता स्पष्ट आला आहे. मात्र अधिवासात कोणताही बदल न करता आणि अधिवासाला वा वन्यजीवांना बाधा न पोहोचविता, या अटीवर. वरवर पाहता ही शब्दांची डागडुजी वाटेल. वस्तुतः कायद्याची कसोटीच त्यामुळे स्पष्ट झाली. चित्रण पैशासाठी होते की हौसेसाठी, हे कलम विचारीत नाही. त्याने जंगलावर काय परिणाम होतो, एवढेच ते विचारते. अमेरिकेनेही राष्ट्रीय उद्यानांतील चित्रणाबाबत जवळपास हीच दिशा धरली. तिथे दीर्घकाळ व्यावसायिक आणि अव्यावसायिक असा भेद होता. जानेवारी २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने सहापेक्षा कमी माणसांच्या चमूला, लोकांसाठी खुल्या असलेल्या जागी आणि कुणाला अडथळा न आणता केलेल्या चित्रणासाठी परवान्यातून मोकळे केले. चमू मोठा असेल किंवा परिणाम अधिक होणार असेल, तर मात्र परवानगीची पायरी चढावीच लागते.

आपल्याकडे कसोटी बदलली, पण कार्यपद्धती मागेच राहिली. छायाचित्रकार दोघे असोत वा चमू दोनशेंचा असो, कायद्याच्या लेखी अधिकारी एकच, आणि त्यांचे कार्यालय नागपुरात. समृद्धी महामार्गाने मेहकरहून नागपूर काही तासांवर आले हे खरे. नागपूरच्या टेबलावरची फाईल त्याच वेगाने मेहकरकडे येईल, असे मात्र कुणी म्हणणार नाही.

लोणारची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. विवर अभयारण्य म्हणून वनविभागाकडे. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर आणि विवरातील काही प्राचीन मंदिरे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली. तिथे १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो, आणि त्याच्या २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, तर पुढच्या २०० मीटरपर्यंत ते परवानगीशिवाय करता येत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हे विवर राष्ट्रीय भूवारसा म्हणून घोषित केले आहे. २०२० साली ते रामसर यादीत गेले. कडेवरचे गाव नगर परिषदेच्या हद्दीत. ड्रोन उडवायचा तर २०२१ च्या ड्रोन नियमांत हवाई क्षेत्राचा रंग पाहावा लागतो; पण हवेचा रंग हिरवा असला म्हणून खालच्या जमिनीवरचा वन्यजीव कायदा नाहीसा होत नाही. सरोवराच्या पाण्यातील सूक्ष्मजीवांवर व्यापारी हेतूने काम करायचे, तर २००२ च्या जैविक विविधता कायद्याने राज्य मंडळाकडे जावे लागते, आणि संशोधक परदेशी असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाकडे. यांपैकी प्रत्येक नियम स्वतंत्रपणे पाहिला तर योग्यच आहे. ते सारे एकाच अर्जात, एकाच खिडकीवर समजून सांगणारी व्यवस्था नाही, हे त्यातले दुखणे.

या अटींची गरज काय, असे विचारणाऱ्याने लोणारची रचना ध्यानात घ्यावी. काळ्या पाषाणात उल्काघाताने झालेले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. त्याचे वय पूर्वी ५० हजार वर्षांच्या आसपास मानले जाई. पुढच्या कालमापनाने ते साडेपाच लाख वर्षांच्याही पलीकडे नेले. या विवरात पाणी उतरते, बाहेर जात नाही. झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी तळाशी साठते, वाफ होऊन उडते आणि क्षार मागे ठेवते. खारट व तीव्र अल्कधर्मी पाणी, त्यात जगणारे विशिष्ट सूक्ष्मजीव, हे सारे या बंदिस्तपणातून आले. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा देशभर कुतूहल उसळले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. वाहत्या नदीत टाकलेली घाण निदान पुढे जाते. इथे टाकलेली इथेच राहते. म्हणूनच गावाचे सांडपाणी हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे लोणारच्या जनहित याचिकेत वारंवार आलेला विषय. दोनशे माणसांचा चमू दोन दिवस तळाशी राहणे आणि दोघांनी काठावरून चित्रे घेणे यांत इथे महदंतर आहे.

आणि आता कमळजा देवी. सरोवराच्या काठावरच्या या देवीला नवरात्रात भाविकांची रीघ लागते. ही परंपरा अभयारण्याहून कितीतरी जुनी. परंतु कलम २७ ची यादी आणि कलम २८ ची पाच कारणे पुन्हा वाचली, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते: त्यांत भाविक नाही. देवदर्शन हे परवान्याचे कारण म्हणून कायद्याने नोंदलेलेच नाही. भाविकच नाही, तेव्हा त्याला नारळ विकणाऱ्याचा प्रश्न उरत नाही. त्याचा व्यवहार अभयारण्यातील रहिवाशाशी नसल्याने तो पाचव्या कारणातही बसत नाही. प्रत्यक्षात यात्रा भरते आणि ती थांबविण्याचा विचारही कुणी शहाणा प्रशासक करणार नाही. म्हणजे हजारो माणसांची ये-जा रूढीवर आणि समंजसपणावर चालते, तर दोन माणसांच्या छायाचित्रणाला कायद्याचे कलम उभे राहते.

कायद्यात जिथे रकाना नसतो, तिथे व्यवहार तोंडी होतो. तोंडी परवानगीचा दोष असा, की ती देणाऱ्याला अट घालता येत नाही आणि घेणाऱ्याला ती दाखवता येत नाही. साहेब बदलले की दुकानदार पुन्हा शून्यावर. चूल पेटविणे कलम ३० मध्ये बसते का, फटाके कलम ३२ मध्ये येतात का, प्लास्टिक परत कुणी न्यायचे, याचा कागद नाही म्हणून जबाबदारीही नाही. उलट गुन्हा नोंदला गेला तर कलम ५१ समोर: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा दंड २०२२ पूर्वी २५ हजारांपर्यंत होता. चित्रपट कंपनीला एक लाख म्हणजे एका दुपारचा भोजनखर्च. प्रसादवाल्याचे वर्षभराचे भांडवलही तितके नसते.

यावर उपाय कायद्याबाहेर शोधण्याची गरज नाही. कलम २४ मध्ये अभयारण्यातील जमिनीवरचा एखादा हक्क मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून चालू ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. देवस्थानाची वाट आणि यात्रेचे दिवस या मार्गाने कागदावर आणता येतील काय, याचा विचार होण्यासारखा आहे. कलम ५ तर अधिकच सरळ आहे. राज्य शासनाच्या पूर्वसंमतीने मुख्य वन्यजीव रक्षक आपले जवळपास सर्व अधिकार लेखी आदेशाने दुय्यम अधिकाऱ्यांकडे सोपवू शकतात. अपवाद फक्त पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या शिकारीसंबंधीच्या निर्णयाचा. छोट्या छायाचित्रणाचा आणि मार्गदर्शकांचा निर्णय विभागीय अधिकारी घेतील, मोठ्या चित्रणाचा नागपुरात होईल, अशी माणसांच्या संख्येवर आणि साधनसामग्रीवर आधारलेली विभागणी शासनाने जाहीर केली, तर अर्जदाराला निदान दार कोणते ते कळेल. ते दर आणि अटी मराठीत, प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरांत हव्यात. ही मागणी फार मोठी नाही.

परवाना सुलभ केला की गर्दी होईल आणि जंगल जाईल, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव भागात पर्यटकांच्या जिप्सींनी एफ-२ या वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी कोंडले. त्याची चित्रफीत सर्वदूर पसरली, चालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली आणि नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. लक्षात घेण्यासारखे हे, की त्या गाड्या चोरवाटेने शिरल्या नव्हत्या. त्या पर्यटनाच्या रीतसर फेरीतल्या होत्या. अट होती, पाळली गेली नाही. परंतु कारवाई होऊ शकली ती गाडी, चालक आणि मार्गदर्शक यांची नोंद होती म्हणूनच. बिननोंदीच्या गर्दीत तेवढेही शक्य झाले नसते.

ज्ञानगंगेत पर्यटन अजून त्या थराला गेलेले नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला टी१-सी१ हा तरुण वाघ १३०० किलोमीटरहून अधिक चाल करून इथे पोहोचला (अर्थात त्याने कुणाची परवानगी घेतली नव्हती) आणि या अभयारण्याचे नाव प्रथमच राज्याबाहेर गेले. वाघामागून पर्यटक येतात. अशा वेळी नियम आधी तयार हवेत. इथल्या गावांचा रोजचा प्रश्न मात्र पर्यटनाचा नसून चराईचा आणि सरपणाचा आहे. कलम २९ नुसार व्यवस्थापनासाठी काढलेले वनोपज भोवतालच्या लोकांच्या घरगुती गरजेला देता येते. विकता येत नाही. तिकडे २००६ चा वनहक्क कायदा मध, लाख, तेंदूपाने यांसारख्या गौण वनोपजाची विक्री हा हक्क मानतो, आणि तो अभयारण्यांनाही लागू आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्याभोवतीच्या आदिवासी पाड्यांत या दोन कायद्यांची गाठ नेहमीच पडत राहणार. कोणता कायदा कुठे थांबतो, हे तिथल्या माणसाने वनरक्षकाला विचारावे आणि वनरक्षकाने वरिष्ठांना, ही आजची रीत. कलम ३३-अ ने अभयारण्याच्या पाच किलोमीटर परिसरातील गुराढोरांचे लसीकरण करण्याचे कर्तव्यही मुख्य वन्यजीव रक्षकांवर टाकले आहे. परवान्याच्या चर्चेत शासनाच्या या बाजूच्या जबाबदारीची आठवण क्वचितच निघते.

पैशाचा प्रश्नही इथेच येतो. ताडोब्यात पर्यटनातून येणारे शुल्क स्थानिक प्रतिष्ठानाकडे राहून जंगलावर आणि भोवतालच्या गावांवर खर्च होते, कारण वन्यजीव कायद्याने व्याघ्र प्रकल्पांना तसे प्रतिष्ठान स्थापण्यास सांगितले आहे. लोणार हा व्याघ्र प्रकल्प नाही. तिथे वाघ राहत नाही, उल्का पडली होती. तेव्हा छायाचित्रणाचे शुल्क वसूल झाले तरी त्यातून विवराच्या वाटेवरचा कचरा उचलणाऱ्याची मजुरी निघेल, अशी हमी कायदा देत नाही. मोठ्या चित्रणाचे दर वाढवून छोट्याचे नाममात्र ठेवावेत आणि लोणारसारख्या छोट्या अभयारण्यांसाठीही स्वतंत्र निधी असावा, यासाठी राज्य शासनाला कुणाचे हात धरण्याचे कारण नाही. यात्रेतील दुकानांसाठी वनविभाग, नगर परिषद आणि देवस्थान यांनी मिळून क्रमांकित बिल्ले द्यावेत, दुकाने विवराच्या तळाशी न लावता कडेवर लावावीत, आणि अनामत रक्कम कचरा परत आणल्यावरच मोकळी करावी. लोणारचे प्रसादवाले आणि जानेफळ-मेहकरकडचे छायाचित्रकार या अटींना ना म्हणतील असे मानण्याचे कारण नाही. आज त्यांच्या हाती कागदच नाही.