गोळी ‘केमिकल’ की ‘नैसर्गिक’? प्रश्नच चुकतोय

“डॉक्टर, ही केमिकलची गोळी आहे ना? त्यापेक्षा काहीतरी नैसर्गिक द्या.” मधुमेहाच्या रुग्णांकडून हे वाक्य मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो. परवा एका काकूंनी सिटाग्लिप्टिनची पट्टी पुढे करून हेच विचारलं. बाहेर रांग होती, नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

सिटाग्लिप्टिनचा रेणू दोन रूपांत तयार होऊ शकतो, डाव्या-उजव्या चपलेसारखा. औषध म्हणून त्यातलं एकच रूप हवं असतं. पूर्वी त्यासाठी ऱ्होडियम हा महागडा धातू आणि मोठ्या दाबाखालचा हायड्रोजन वापरत. नंतर धातूचा अंश काढा, चुकीच्या रूपाचे रेणू काढा, हे काम वेगळंच.

मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांच्या शास्त्रज्ञांना हे काम एन्झाइमकडून करून घ्यायचं होतं. त्यांनी ट्रान्सअमायनेज जातीचं एक जिवाणूजन्य एन्झाइम घेतलं. (लिव्हरच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी, एसजीपीटी वाचता ना? तीही याच जातीची.) पण निसर्गातल्या त्या एन्झाइमला हे काम मुळीच जमेना. संगणकावर त्याच्या खाचेचं त्रिमितीय चित्र तयार करून रेणू बसवून पाहिला, तेव्हा कळलं की खाच अरुंद आहे. नेमकं कुठे अडतंय ते पाहून तिथली अमिनो आम्लं बदलली. काम सुरू झालं, पण इतकं मंद, की कारखान्यात त्याचा काही उपयोग नव्हता.

तिथून पुढे प्रयोगशाळेतली मेहनत: बदल करा, चांगले निवडा, पुन्हा बदल करा. अशा ११ फेऱ्या झाल्या. शेवटच्या एन्झाइममध्ये २७ बदल होते. २०१० साली हे काम प्रसिद्ध झालं. उत्पादन १० ते १३ टक्के वाढलं, कचरा १९ टक्के घटला, ऱ्होडियम तर लागेनासाच झाला. “संगणकानेच औषध शोधलं” अशी बातमी वाचाल तेव्हा या ११ फेऱ्या आठवा. संगणकाने दार किलकिलं केलं, एवढंच. पण तेही कमी नाही. त्याशिवाय पहिली फेरीच सुरू झाली नसती.

आता सांगा, ही गोळी नैसर्गिक की केमिकल? तुमच्या हातातली पट्टी कुठल्या पद्धतीने बनली हे तिच्यावर लिहिलेलंही नसतं. रेणू तोच असेल आणि शुद्ध असेल, तर शरीराला फरक कळत नाही. माझ्या मते विचारायला हवं ते शुद्धतेबद्दल आणि किमतीबद्दल.

किमतीची गोष्ट जरा कडू आहे. कारखान्यातली ही सुधारणा २०१० ची, पण आपल्याकडे गोळी खऱ्या अर्थाने स्वस्त झाली ती २०२२ मध्ये, पेटंट संपल्यावर. त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या. विज्ञानाने वाचवलेला पैसा आपोआप रुग्णाच्या खिशात येत नाही, आणि याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

काकूंची गोळी मी बदलली नाही. क्रिएटिनिन मात्र करायला सांगितलं, कारण मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलं असेल तर या औषधाचा डोस कमी करावा लागतो.