सातारचे दोन बंधू

सातारच्या गादीवर एकामागून एक बसलेल्या दोन सख्ख्या बंधूंविषयी लोकमताने निवाडा केव्हाच देऊन टाकला आहे. थोरले प्रतापसिंह महाराज मानी व करारी. धाकटे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज इंग्रजांपुढे नमणारे. हा निवाडा अपुरा आहे, असे आमचे मत आहे. पंढरपूर व सांगोला हा आज आपल्या जिल्ह्यात असलेला मुलूख त्या काळी सातारच्याच राज्यात होता व अक्कलकोटकर सातारचे मांडलिक होते. तेव्हा हा विषय सोलापूरकरांस परका नाही.

प्रतापसिंहांचे तेज कोण नाकारील? विद्येची त्यांस मनापासून आवड होती. रस्ते बांधण्याकडे त्यांनी जातीने लक्ष पुरविले. 1839 साली त्यांच्यावर कटाचा आरोप आला. दोष पदरी घेणाऱ्या कागदावर सही केल्यास गादी राहील, असे गव्हर्नर कारनॅक ह्यांनी सुचविले. महाराजांनी सही केली नाही. गादी गेली, आणि 1847 त काशीस त्यांचा अंत झाला. त्यांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी विलायतेत वर्षानुवर्षे झटले. अशा पुरुषाविषयी प्रजेचा जीव तुटावा, हे योग्यच होय.

परंतु बंधू पदच्युत झाला असता त्याची गादी स्वीकारणारे आप्पासाहेब केवळ मिंधे होते काय? त्यांच्या कारकीर्दीत सतीची चाल बंद झाली. त्यांनी इस्पितळ काढले, शाळा स्थापिल्या, वेण्णा व कृष्णा ह्या नद्यांवर पूल बांधविले. लोकोपयोगी कामांवर थोरल्या बंधूंहूनही अधिक खर्च केला. थोरल्यांचे नाव आज सातारच्या त्या हायस्कुलास आहे, ज्यात 1900 साली बाळ भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. धाकट्यांची आठवण मात्र फितुरीच्या गोष्टीपुरतीच उरली. हा न्याय नव्हे.

तथापि दोघांतही एक उणीव सारखीच होती. राज्यकारभारात रयतेस अधिकाराने बोलता येईल अशी सभा दोघांपैकी एकानेही निर्माण केली नाही. 5 एप्रिल 1848 रोजी आप्पासाहेब वारले. मृत्युसमयी त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने नामंजूर केले आणि 1849 त राज्य खालसा झाले. एकाचा बाणेदारपणा व दुसऱ्याची मिळवणी, दोन्ही व्यर्थ गेली. आणि ज्यांचे राज्य, त्या रयतेस कोणी विचारलेदेखील नाही.

आज राजे नाहीत, मत आपले आहे. तरीही निवडणूक आली की अमका घराण्यातील थोरला बोलतो कसा व धाकटा वागतो कसा, ह्याचीच चर्चा पेठांतून रंगते. आमच्या व्यापारी बंधूंस आमचे एवढेच सांगणे आहे : दुकानातील मुनिमाची पारख आपण त्याच्या रुबाबावरून करीत नाही, वही उघडून करतो. तीच रीत लोकप्रतिनिधीस लावावी. पाणी किती दिवसांनी येते, रस्त्यांवर किती खर्च झाला, हे भर सभेत विचारावे, आणि उत्तर मिळेतो विचारीत राहावे.