विकणाऱ्यांनीच दिलेली साक्ष

समलिंगी माणूस प्रार्थनेने, उपासनेने, एखाद्या महाराजांच्या कृपेने ‘सरळ’ होतो, असं सांगणारे आपल्याकडे आहेत आणि पोटच्या पोरांना त्यांच्या पायावर घालणारे आईबापही आहेत. हे आईबाप दुष्ट नसतात, घाबरलेले असतात. त्यांच्यावर ओरडून काही साधत नाही. त्यांच्यासमोर पुरावा ठेवावा लागतो. हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाला, म्हणून सुरुवात तिथून.

१. ज्यांनी चालवलं, त्यांनीच हात टेकले.

कॅलिफोर्नियात १९७६ साली ‘एक्झोडस’ ही ख्रिस्ती संघटना सुरू झाली. येशूच्या मार्गाने समलिंगी आकर्षणातून मुक्ती मिळते, हा तिचा दावा. संस्थापकांपैकी मायकेल बसी संघटनेच्याच कामातल्या एका पुरुषाच्या प्रेमात पडले आणि १९७९ मध्ये बाहेर पडले. २००७ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. १९९८ मध्ये ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर याच चळवळीतले जॉन पॉल्क आणि त्यांची पत्नी झळकले. दोघंही पूर्वी समलिंगी, दोघंही आता ‘बरे’ झालेले, सुखी संसार. दोन वर्षांनी पॉल्क वॉशिंग्टनच्या एका गे बारमध्ये दिसले आणि २०१३ मध्ये त्यांनीही माफी मागितली. मेम्फिसमधल्या ‘लव्ह इन ॲक्शन’चे प्रमुख जॉन स्मिड यांनी अनेक वर्षं हाच कार्यक्रम राबवला आणि २०११ मध्ये लिहून टाकलं की खरोखर बदललेला एकही पुरुष मला भेटलेला नाही. शेवटी एक्झोडसचे अध्यक्ष ॲलन चेंबर्स यांनी जानेवारी २०१२ मध्ये सांगितलं की मला भेटलेल्यांपैकी ९९.९ टक्के लोकांचा कल बदलला नाही. जून २०१३ मध्ये त्यांनी माफी मागितली आणि संघटनेला टाळं लावलं.

या माणसांना हे कबूल करून काय मिळणार होतं? पोटापाण्याचं काम, चर्चमधला मान, आयुष्यभराचे मित्र पणाला लावून ती बोलली. स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेली साक्ष कोर्टातही वजनदार ठरते. मला तरी यापेक्षा भक्कम पुरावा सुचत नाही.

२. ‘पण एका मोठ्या डॉक्टरने मान्य केलं होतं ना?’

केलं होतं. रॉबर्ट स्पिट्झर. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, त्यात या स्पिट्झरांचा मोठा वाटा होता. म्हणूनच २००१ मध्ये त्यांनी ‘काहींचा कल बदलू शकतो’ असं मांडलं आणि २००३ मध्ये ते एका नियतकालिकात छापून आलं, तेव्हा धार्मिक संघटनांना घबाड सापडलं. अभ्यास काय होता? २०० माणसं आणि प्रत्येकाशी फोनवर सुमारे पाऊण तास बोलणं. बरेच जण एक्झोडस किंवा तसल्याच संघटनांमार्फत आलेले आणि या उपचारांची आधीच जाहीर भलामण केलेले. तुलनेला दुसरा गट नाही. समोरचा जे म्हणेल ते खरं धरायचं.

हे मोजमाप कशाचं झालं? माणूस स्वतःबद्दल काय सांगतो याचं. आपण बदललो, असं मनापासून वाटावं म्हणून वर्षानुवर्षं धडपडणारा माणूस फोनवर अनोळखी डॉक्टरला दुसरं काय सांगणार? २०१२ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, स्पिट्झरांनी त्याच नियतकालिकाला पत्र लिहून मान्य केलं की सांगणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे की नाही हे ठरवायला माझ्याकडे मार्गच नव्हता. त्यांनी समलिंगी समाजाची माफी मागितली. या उपचारांत ज्यांनी वेळ आणि शक्ती घालवली, त्यांचीही. तरी त्या अभ्यासाचे दाखले देणं अजून थांबलेलं नाही.

३. अपयशाचं खापर नेहमी त्या मुलावरच.

माझा सर्वांत मोठा आक्षेप हा आहे. देवऋषी उतारा देतो. गुण आला तर देवऋषीचा हात मोठा, नाही आला तर तुम्ही पथ्य पाळलं नाहीत. इथे नेमकं तेच घडतं. कल बदलला नाही तर श्रद्धा कमी पडली, प्रार्थना मनापासून केली नाही, मनात पाप शिल्लक आहे. कुठल्याही निकालाने दावा खोटा ठरू नये अशीच ही रचना आहे. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांचं पोर घरी परततं ते आधीच्या भीतीवर ‘देवानेही मला टाकलं’ ही नवी भीती घेऊन. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००९ मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा कल बदलल्याचा विश्वासार्ह पुरावा सापडला नाही. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांच्या नोंदी मात्र सापडल्या.

हे दूरचं नाही. मे २०२० मध्ये केरळची एक तरुण विद्यार्थिनी गोव्यात मृतावस्थेत सापडली. त्याआधी तिने व्हिडिओ करून सांगितलं होतं की घरच्यांनी मला ‘बरं करण्या’साठी बळजबरीने केंद्रात ठेवलं, औषधं दिली.

४. पैसे घेऊन खोटं आश्वासन देणं ही फसवणूक आहे.

न्यू जर्सीतल्या ‘जोना’ या ज्यू संस्थेवर तिच्याच जुन्या ग्राहकांनी खटला भरला. तरुणांना आरशासमोर कपडे उतरवायला लावणं, आईच्या प्रतीकाला टेनिसच्या रॅकेटने बडवायला लावणं, हे तिथले ‘उपचार’. जून २०१५ मध्ये ज्यूरीने ग्राहक फसवणुकीच्या कायद्याखाली संस्थेला दोषी ठरवलं. तिथे कोणाच्या देवाचा निवाडा झाला नाही. पावती फाडून विकलेल्या मालाचा झाला.

५. ‘लग्न लावून द्या, आपोआप सुटेल.’

आणि जिच्याशी लावाल ती? तिला कोणी विचारलं? एका मुलाला ‘सुधारण्या’साठी दुसऱ्याच्या मुलीचं आयुष्य औषधासारखं वापरायचं, याला मी पाप म्हणेन. समलिंगी मुलीचं लग्न जबरदस्तीने लावलं तर तिच्या वाट्याला काय येतं, ते तर लिहवत नाही.

६. ‘हा आमच्या धर्माचा प्रश्न आहे.’

सज्ञान माणूस स्वतःहून देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात जाऊन काहीही मागो. त्यात सरकारने पडू नये. पण श्रद्धा कुठे संपते आणि अत्याचार कुठे सुरू होतो, याची रेघ महाराष्ट्राने आधीच आखली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदा पूजा, कीर्तन, भजन, वारी यांना हात लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे मात्र तो गुन्हा ठरवतो. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हीच रेघ इथेही पुरेशी आहे.

७. मग आता काय हवं?

‘बरं करण्या’चे दावे करण्यात आपले पुढारी आणि गुरूही मागे नाहीत. समलैंगिकता योगाने बरी करू, असं बाबा रामदेव डिसेंबर २०१३ मध्ये म्हणाले. जानेवारी २०१५ मध्ये गोव्याचे तत्कालीन मंत्री रमेश तवडकर यांनी अशा तरुणांना ‘नॉर्मल’ करणारी केंद्रं काढण्याची भाषा केली आणि ओरड झाल्यावर शब्द फिरवला. त्यानंतर कायदा बराच पुढे गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सज्ञानांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. जून २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी कल बदलण्याच्या ‘उपचारां’ना मनाई केली. ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

पण आयोगाचा हात नोंदणीकृत डॉक्टरपर्यंतच पोचतो. बाबा, पाद्री, मौलवी, स्वयंघोषित समुपदेशक आणि रात्रीतून उगवलेली ‘व्यसनमुक्ती’ केंद्रं त्याच्या कक्षेत नाहीत. म्हणून माझ्या मागण्या नेमक्या आहेत. जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत ‘लैंगिक कल बदलण्याच्या नावाखाली’ केलेली मारहाण, डांबणं आणि उपासमार स्पष्ट शब्दांत घाला. अठरा वर्षांखालच्या मुलांवर असे प्रयोग करायला, मग ते प्रार्थनेच्या नावाने असोत वा समुपदेशनाच्या, पूर्ण बंदी करा. आणि केंद्रांना एकच प्रश्न विचारा: तुम्ही आजारावर उपचार करता का? ‘हो’ म्हणाले तर मानसिक आरोग्य कायदा २०१७ खाली नोंदणी दाखवा. शिवाय त्याच कायद्यानुसार समाजाच्या नैतिक वा धार्मिक समजुतींशी न जुळणं हा मनोविकार ठरवता येत नाही, हेही वाचा. ‘नाही’ म्हणाले तर मुलीला कुलपात ठेवलंय कशासाठी? त्याला भारतीय न्याय संहितेत बेकायदा डांबून ठेवणं म्हणतात आणि तक्रार घेऊन येणाऱ्या मुलीला ‘घरचा मामला आहे’ म्हणून परत पाठवायचा अधिकार कुठल्याही पोलीस ठाण्याला नाही.